दहीभाताच्या सात मुली

राजशेखरनं दाव्याला द्यायच्या उत्तराचा, कैफियतीचा, मसुदा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली. रविवार होता. रस्त्यापलीकडच्या शाळेत कसलाच आवाज नव्हता. चौदा वर्षं रोज पाहिलेली ती पिवळी दुमजली इमारत गायत्रीला खिडकीतून आज परक्या गावातली वाटत होती, जिथं आपण एकदाच उतरलो आणि पुन्हा कधी गेलो नाही अशा गावातली. हायवेवर हैदराबादकडे निघालेले ट्रक गिअर बदलत. त्यांची घरघर आत येई, मांडणीतल्या पितळी ताटांत क्षणभर थरथरे आणि निघून जाई.

"उद्या मुदत संपते," राजशेखर म्हणाला. "साडेदहाला कोर्टात दाखल करायचीय. आज सह्या झाल्या पाहिजेत."

"वाच," उमाशंकर म्हणाले. ते टेबलाच्या डोक्याशी बसले होते. संस्थेच्या सभेतही ते असेच बसत, दोन्ही कोपर टेकवून, समोरच्याला जागा कमी पडेल अशा बेतानं. संस्थेचे अध्यक्ष तेच, आणि राजशेखरचे थोरले भाऊ म्हणून घरातले थोरलेही तेच. आणि बोलताना आपण यांपैकी कोण आहोत, हे त्यांनी कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत त्यांचे वडील माणिकप्पा होते, शहाऐंशी वर्षांचे. कपाळावर सकाळच्या पूजेची विभूती अजून कोरी होती. जगदेवी, उमाशंकरांची बायको, खाली पाटावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. शेंगेचा कट असा आवाज तेवढा नियमित येत होता.

गायत्री राजशेखरच्या शेजारी बसली होती. तिची शाळेची कापडी पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. पिशवीत गेटबुक होतं. शुक्रवारपासून ते तिथंच होतं, आणि हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

राजशेखर वाचू लागला. नवरा म्हणून बोलताना त्याचा आवाज वेगळा असे आणि वकील म्हणून वाचताना वेगळा. आत्ताचा दुसरा होता. दावा आसिफनं लावला होता. बायपासला तो ट्रकचे कमानपाटे दुरुस्त करतो. दावा त्याच्या मुलीसाठी होता. उम्मेहानी, वय सात, फेब्रुवारीत दुसरीच्या वर्गात होती तेव्हा तिला गोवर निघाला. ताप मेंदूत गेला. सोलापूरच्या दवाखान्यातून बावीस दिवसांनी ती घरी आली तेव्हा दोन्ही कानांनी काही ऐकू येत नव्हतं. शाळेच्या निष्काळजीपणामुळे हे झालं, असं दाव्याचं म्हणणं. प्रतिवादी क्रमांक एक, शाळा चालवणारी संस्था. प्रतिवादी क्रमांक दोन, शाळेची मुख्याध्यापिका.

क्रमांक दोन म्हणजे आपण, हे गायत्री गेले तीन आठवडे स्वतःला सांगत होती. नावाऐवजी आकडा मिळाला की माणूस थोडा हलका होतो, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं. तो हलकेपणा टिकला नाही.

"कलम चार," राजशेखर वाचत होता. "'रुग्ण विद्यार्थिनीस पुरळ दिसल्या दिवसापासून शाळेत येऊ देण्यात आलेले नाही. हजेरीपटावर तिची नऊ दिवसांची गैरहजेरी आहे. शाळेने घ्यावयाची ती सर्व काळजी घेतली होती.' हे आपलं सगळ्यात पक्कं आहे, अण्णा. शाळेच्या वेळेत पोर शाळेच्या ताब्यात असतं, आईबापाच्या जागी शाळा असते. तेव्हा आजारी पोराला वर्गात बसवलं असतं तर आपण गेलो असतो. आपण बसवलं नाही."

रुग्ण विद्यार्थिनी म्हणजे शिवांजली, उमाशंकरांची नात. ती आत झोपाळ्यावर होती. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.

"अन् टीका?" उमाशंकरांनी विचारलं. त्यांना लस म्हणायचं होतं. या घरात जुने लोक अजून टीकाच म्हणत.

"तेही घातलंय. मुलीचा दुसरा डोस राहिला होता. म्हणजे पालकांचाही निष्काळजीपणा."

"शिवांजलीचाबी राहिला व्हता की," खालून जगदेवी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती. "लॉकडाऊन व्हतं. दवाखान्याला कुलूप. दोघी एकाच महिन्याच्या हायत."

"वैनी, ते आपण लिहीत नाही."

"म्या कुठं लिव म्हणले? आठवलं म्हणून बोलले."

उमाशंकर हसले. "हिला साक्षीला उभी करू नको बाबा. जजसाहेबालाच इचारंल, कुणाच्या घरचे तुमी म्हणून."

कुणी फारसं हसलं नाही. राजशेखरनं पान उलटलं. गायत्रीला त्या पानावर काय आहे ते माहीत होतं. मसुदा तिनं काल रात्री जेवणानंतर एकदा वाचला होता आणि काही न बोलता परत दिला होता.

"कलम सहा. दाव्यात म्हटलंय, एकोणीस जानेवारीला, सोमवारी, शाळेच्या वेळेत मुलीला अध्यक्षांच्या घरी जेवायला नेलं, तिथं गोवराचं पेशंट होतं, आणि हे मुख्याध्यापिकेला ठाऊक होतं. आपलं उत्तर: 'कलम सहामधील मजकूर खरा नाही व प्रतिवादीस कबूल नाही.'"

शेंग मोडल्याचा आवाज थांबला.

*

त्या सोमवारी असं झालं होतं.

शिवांजलीला शनिवारी गोवर निघाला. जगदेवींनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली, पोरीच्या उशाशी तांब्या ठेवला. बाई, म्हणजे गोवराची देवी, घरी आली की नऊ दिवस राहते, नवव्या दिवशी नहाण घालायचं, सात मुलींना दहीभात जेवू घालायचा, मग बाई शांत होऊन जाते. हा क्रम त्यांना त्यांच्या सासूनं शिकवला होता. पण येत्या गुरुवारी शाळेच्या साठ वर्षांचा कार्यक्रम होता. बाहेरगावचे दोनशे पाहुणे जेवायला याच घरी यायचे होते. बाई घरात असताना कढई चुलीवर चढवता येत नाही. तेव्हा जगदेवींनी बाईला हात जोडून विनंती केली, आणि नवव्या दिवसाचा दहीभात तिसऱ्या दिवशी घातला.

मुली कुठून आणायच्या हा प्रश्न या घराला कधी पडला नव्हता. शाळा समोर होती. कुठल्या मुली, हेही ठरलेलं होतं. शाळा काढणाऱ्या शिवप्पांनी, माणिकप्पांच्या वडिलांनी, एक नियम घालून दिला होता: या घरी कसल्याही निमित्तानं पोरं जेवायला बोलवायची तर निवडून बोलवायची नाहीत, हजेरीपटावर ज्या क्रमानं नावं येतील त्या क्रमानं. एकदा कुणीतरी आपल्याच जातीच्या मुली वेचून आणल्या होत्या, त्यावरून त्यांनी ताट सारून दिलं होतं, असं सांगत. तो नियम घरात अभिमानानं पाळला जाई. त्या नियमावर भाषणं झाली होती.

जगदेवींचा फोन साडेअकराला आला. "सात पोरी धाड गं. दुसरीतल्या. शिवांजलीच्या ओळखीच्या असल्या म्हणजे ती बी जरा बसंल."

गायत्रीसमोर टेबलावर कॅलेंडर होतं. डिसेंबरात धाराशिवला आरोग्य विभागाचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, पुरळ येण्याआधी चार दिवस, पुरळ आल्यावर चार दिवस. गायत्रीनं ते वहीत उतरवून घेतलं होतं. शनिवार, रविवार, सोमवार. कॅलेंडरवरच्या तीन चौकोनांवरून तिची नजर एकदा गेली आणि एकदा परत आली. तिसरा दिवस.

तिनं "अक्का" म्हणून सुरुवात केली होती. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी दही कमी पडतंय असं जगदेवी सांगत होत्या. गुरुवारचा मंडप, बक्षिसांची यादी, प्रमुख पाहुण्यांची गाडी. अक्कांशी या विषयावर बोलायला एक अख्खी दुपार लागली असती, आणि दुपार नव्हती. एवढंच कारण. पुढं अनेकदा तिनं यापेक्षा मोठं कारण शोधून पाहिलं, ते सापडलं नाही.

तिनं हजेरीपट मागवला. पहिल्या सात मुलींची नावं गेटबुकात लिहिली, कारण त्यातल्या नोंदीशिवाय ज्ञानोबा गेटवरून मांजरसुद्धा सोडत नसे. पहिलं नाव अर्पिताचं होतं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, अर्पिता आज आली नाही. गायत्रीनं अर्पिताचं नाव खोडलं, आणि यादीतली आठवी मुलगी होती तिचं नाव शेवटी लिहिलं. उम्मेहानी. खाडाखोड केली की शेजारी सही करायची, ही तिची शाळेला लावलेली शिस्त होती. तिनं सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: अध्यक्षांचे घरी, गोवराचा दहीभात.

आजारी मुलीला वर्गात आणलं नव्हतं हे खरं होतं. वर्ग तिच्याकडे नेला होता. सातही जणींनी शिवांजलीच्या कपाळाला हळद लावली, तिच्याभोवती बसून जेवल्या, आणि मधल्या सुट्टीच्या आत परत आल्या. त्यांतल्या तिघींना गोवर निघाला. दोघी बऱ्या झाल्या.

*

"सहाव्यावर कुणी साक्षीला येणार न्हाई," उमाशंकर म्हणत होते. "चौघींचे आईबाप आपल्या डाळमिलवर हायत. एकीची आई शाळेतच खिचडी शिजवती. आन् लिवलेलं कुठंय? लिवलेलं काय न्हाई."

राजशेखरनं गायत्रीकडे पाहिलं. त्यात प्रश्न नव्हता, नुसती खात्री होती. "लेखी काही नाही," त्यानंच उत्तर दिलं. "आणि आठवं कलम यापेक्षा कामाचं आहे. गोवर हवेतून लागतो. कुठं लागला हे त्यांनी सिद्ध करायचं. 'सदर मुलीस तिच्या आजीने दिनांक पंचवीस जानेवारी रोजी हुमनाबाद येथे लग्नास नेले होते. सदर गर्दीच्या ठिकाणी तिला संसर्ग झाला असावा व त्यास सर्वस्वी तिची आजी जबाबदार आहे.'"

जगदेवींनी हातातली शेंग परातीत ठेवली. "कोण आजी?"

"त्या मुलीची आजी, वैनी."

"नाव हाय तिला. बिस्मिल्लाबी."

बिस्मिल्लाबी बांगड्या भरत असे. तीस वर्षं ती या घरी आली. जगदेवींच्या दोन्ही मुलींच्या लग्नाचा चुडा तिनं भरला होता, बाळंतपणानंतरच्या बांगड्या तिनं चढवल्या होत्या. हाताचं हाड ओळखून, बोलत बोलत, न दुखवता. फेब्रुवारीपासून ती आली नव्हती. जगदेवींच्या डाव्या हातात आता चारच हिरव्या बांगड्या उरल्या होत्या. बाजारात जाऊन भरायला त्या तयार नव्हत्या.

"तिच्या माथी मारताव व्हय?" जगदेवी म्हणाल्या.

"माथी मारायचा प्रश्न नाही. कोर्टात पर्याय दाखवावा लागतो."

"ती पोरगीला मांडीवर घेत न्हाय आता. मला तिची शेजारीण भेटली बुधवारच्या बाजारात. म्हणे म्हातारी म्हणती, म्या हात लावला की वाटोळं हुतं. नोटिशीच्या उत्तरात तुमी हेच लिवलं व्हतं ना? तवापासनं."

गायत्री बोलली तेव्हा तिला स्वतःचाच आवाज थोड्या अंतरावरून आल्यासारखा वाटला. "लग्न पंचवीस तारखेला होतं. ताप एकोणतीसला आला. चार दिवसांत गोवर येत नाही. दहा-बारा दिवस लागतात."

"हे त्यांच्या वकिलाला ठाऊक असेलच असं नाही," राजशेखर म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला आत्ता कळलं. तू सांगितलंस म्हणून." त्यानं पेन टेबलावर ठेवलं, फार हळू. "आणि तू सांगितलं नाहीस असं मी समजणार आहे."

माणिकप्पांनी खुर्चीतून विचारलं, "काय म्हणती ती?"

"काय न्हाई अप्पा, तारखांचं बोलणं हाय," उमाशंकर म्हणाले.

गायत्रीला तीन दिवसांपूर्वीचा गुरुवार आठवत होता. आसिफ दाखला न्यायला आला होता. सोलापूरच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत मुलीचं नाव घालायचं होतं. हाताच्या रेघांत ग्रीस होतं, म्हणून त्यानं कागद दोन बोटांत उचलला. तिनं बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"मॅडम, मेरेकू पैशे नक्को," तो म्हणाला होता. "वकील बोला, पैशे मांगे बगैर कोरट सुनता नै, म्हणून लिवले. मेरेकू पूछना है बस. अम्मी रोज मेरेकू पूछती, बेटा मेरेसे हुआ क्या. मैं नै बोलतौं, उने मानती नै. तुमी कागदावर लिवले की उने मानंल. तुमचं कागद लोकां मानतेत."

तिनं दाखल्यावर सही केली, शिक्का मारला. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात कारकुनानं "पालकांच्या विनंतीवरून" असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं कपाटातून जानेवारीचं गेटबुक काढलं आणि पिशवीत ठेवलं. ते लपवण्यासाठी घेतलं की दाखवण्यासाठी, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

*

"लिवा मग खरं," जगदेवी म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. पदराला गवारीचे दोरे चिकटले होते. "म्या बोलावलं पोरीनला. म्या जेवू घातलं. माझ्या हातानं दही वाढलं. त्या पोरीनं दोनदा भात मागून घेतला, अन् जाताना म्हणली, आजी, दही गोड हाय. आन् तुमी लिवताव ती जेवलीच न्हाई. जेवलेल्या लेकराचं जेवण नाकारताव? असलं पाप या घरात कुणी केलं न्हाय."

"जगदेवी," उमाशंकर म्हणाले.

"बाईचा निवद व्हता तो. तो खोटा म्हणून कागदावर लिवायचं, आन् मग बाईनं आमच्याकडं बघायचं कसं?"

बाहेर एक लांब ट्रक गेला. गायत्रीला वाटलं, जिच्या श्रद्धेतून हे सगळं झालं, तिची तीच श्रद्धा आता खोटं लिहू देत नाहीये. आणि आपण, ज्यांना चौकोन मोजता येत होते, आपण काल रात्री मसुदा वाचून गप्प झोपलो. या विचारात तिला दुःखापेक्षा एक कोरडं आश्चर्य अधिक जाणवलं.

राजशेखर बोटांनी टेबलावर ताल धरत होता. मग ताल थांबला. गायत्रीला ते लक्षण माहीत होतं. त्याला वाट सापडली होती.

"वैनी बरोबर म्हणतात," तो म्हणाला.

उमाशंकरांनी चमकून पाहिलं.

"नाकारायचं कशाला, अण्णा? उलट मान्य करायचं. घरातल्या ज्येष्ठ बाईनं, आपल्या धार्मिक समजुतीप्रमाणे, घरगुती विधी केला. वैनी संस्थेच्या सभासद नाहीत, शाळेच्या नोकर नाहीत. त्यांनी काय केलं याला संस्था जबाबदार नाही. मुख्याध्यापिकेला पूर्वकल्पना नव्हती. मुली मधल्या सुट्टीत आपल्या आपण गेल्या. संस्था सुटली, गायत्री सुटली. वैनी चौथी शिकलेल्या, साठीच्या घरातल्या. त्यांच्याविरुद्ध दावाच नाही. आणि लग्नाचं कलम काढून टाकू, त्याची गरज राहत नाही."

उमाशंकरांनी बायकोकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यावर कशाची जबाबदारी टाकली नव्हती; पैशाची नाही, निर्णयाची नाही. आता टाकताना ते जरासे अवघडले, इतकंच. "चालंल का तुला?" त्यांनी विचारलं.

"बिस्मिल्लाबीचं नाव निघतंय ना? मग लिवा."

"लोक बोलतील," उमाशंकर म्हणाले. "जगदेवीबाईनं अंधश्रद्धेपायी पोर बहिरं केलं म्हणतील."

"म्हणू देत. म्या केलंच हाय." मग त्या गायत्रीकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला, बाळंतिणीशी बोलावा तसा. "तू गप बस गं. तुझी नोकरी हाय अजून बारा वर्ष. तुला काय ठाव नव्हतं, असंच म्हण. मला तर खरंच ठाव नव्हतं. मला वाटलं, बाई निघाली म्हंजी निघाली."

हे सगळ्यांत कठीण होतं. राजशेखरची युक्ती तिला ओळखू आली होती, उमाशंकरांचा दबाव गेली चौदा वर्षं ओळखीचा होता. पण ही माया तिला अपेक्षित नव्हती. ती अंगावर शालीसारखी पडली. तिच्याखाली माणूस आयुष्यभर राहू शकला असता.

राजशेखर नव्यानं लिहू लागला होता. पेन कागदावर भरभर चाललं होतं. झोपाळ्याची कडी थांबली होती. शिवांजली दारात येऊन उभी होती. तिनं आत येऊन परातीतल्या शेंगांपैकी एक उचलली, मोडली आणि परत ठेवली.

"एक सांग राजा," माणिकप्पा म्हणाले. ते खुर्चीत पुढं झुकले होते. "पोरी आल्या कशा?"

"अं?"

"शाळंतनं. रस्ता ओलांडून. गेटवर ज्ञानोबा बसतो. म्या नेमलाय त्याला. नोंदीबिगर त्यो सोडत न्हाई. मला एकदा आडवलं व्हतं त्यानं, नात घेऊन जाताना."

"अप्पा, त्याला तोंडी निरोप दिला होता असं घेऊ. ज्ञानोबा तसं सांगेल."

"सांगंल की," म्हातारा म्हणाला. "आपण सांगितलं तर सांगंल." आणि ते परत मागं टेकले. त्यांनी डोळे मिटले. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं की नव्हतं, ते कुणाला कळलं नाही.

गायत्रीनं खुर्चीच्या पाठीवरून पिशवी काढली. गेटबुक टेबलावर ठेवताना तिला मिठाची बरणी थोडी सरकवावी लागली. तिनं पान उघडलं. निळ्या शाईत सात नावं, त्यांच्या वर एक खोडलेलं, शेजारी तिची सही. कारणाचा रकाना.

राजशेखरनं वाचलं. पुन्हा वाचलं. आता तो वकील राहिला नव्हता. "हे कुठं होतं?"

"माझ्या पिशवीत. शुक्रवारपासून."

"काल मसुदा दाखवला तेव्हा सांगितलं नाहीस."

"नाही."

"कोरटानं मागितलंय का हे?" उमाशंकरांनी विचारलं. "न्हाई ना? मग ठेव आत. जुन्या वह्या दरसाली रद्दीत जात्यात."

"मागितलं नाही, भावजी. पण मला ठाऊक होतं." तिनं एकेक शब्द वेगळा ठेवला. "डिसेंबरात प्रशिक्षण झालं होतं. चार दिवस लागण होते, हे वहीत लिहून घेतलं होतं. अक्कांचा फोन आला तेव्हा कॅलेंडर समोर होतं. मी दिवस मोजले. तिसरा होता. मोजून मग ही नावं लिहिली."

"मला काहून बोलली न्हाईस तवा?" जगदेवींनी विचारलं.

"वेळ नव्हता, अक्का."

जगदेवी तिच्याकडे पाहत राहिल्या. रागावतील असं गायत्रीला वाटलं. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं, असंही वाटलं. "म्या ऐकलं असतं का न्हाई, कुणास ठाव," त्या शेवटी म्हणाल्या. "पर तू बोलायला पायजे व्हतं."

"हो."

"याचा अर्थ कळतो का तुला?" राजशेखर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "जाणूनबुजून, असा शब्द लागेल. संस्थेवर हुकूमनामा होईल. तुझ्यावर होईल. चौकशी बसेल, नोकरी जाईल. आणि मी तुझं वकीलपत्र ठेवू शकणार नाही. संस्थेचं आणि तुझं म्हणणं वेगळं झालं तर एक वकील दोघांचा राहत नाही."

"मग माझी कैफियत मी वेगळी देते."

"ह्या घरात ऱ्हाऊन?" उमाशंकर म्हणाले.

ते खुर्ची मागं सारून उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही, आपटलंही नाही. त्यांच्या जागी टेबलाच्या डोक्याशी रिकामी जागा दिसू लागली, आणि ती वाटली होती तेवढी मोठी नव्हती.

"एक प्रत मला द्या," गायत्री म्हणाली.

राजशेखरनं पहिल्या मसुद्याची प्रत तिच्यापुढं सरकवली. पेनही त्यानंच दिलं. टोपण काढून, जसं तो नेहमी अशिलाला देत असे. त्याचा हात क्षणभर पेनावर राहिला आणि मग सुटला.

तिनं आठवं कलम पाहिलं. लग्न, गर्दी, आजी. त्यावर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ मारली आणि शेजारी सही केली. मग पान मागं उलटून सहाव्यावर आली. तिथं एकाच ओळीत दोनदा "नाही" होतं. पहिलं खोडलं, वर "आहे" लिहिलं, शेजारी सही. दुसरं खोडलं, वर "आहे" लिहिलं, शेजारी सही. "प्रतिवादीस" या शब्दातला "स" खोडून पुढं "क्रमांक दोन यांस" घातलं, शेजारी सही. शिस्त तीच होती, सहीही तीच. जानेवारीतल्या सहीच्या शेजारी ती ठेवली असती तर कुणालाही फरक सांगता आला नसता.

"काय खोडलंस?" जगदेवींनी विचारलं. त्या टेबलाशी आल्या होत्या. टाइप केलेली अक्षरं त्यांना लागत नसत.

गायत्रीनं वाचलं. "कलम सहामधील मजकूर खरा आहे व प्रतिवादी क्रमांक दोन यांस कबूल आहे."

"मजकूर म्हंजी?"

"उम्मेहानीला शाळेतून जेवायला नेलं. घरात गोवर होता. आणि मला ठाऊक होतं."

"आन् लग्नाचं?"

"काढलं."

जगदेवींनी पदराचे दोरे झटकले. उजव्या हातानं डाव्या मनगटातल्या चार बांगड्या एकदा मागं सारल्या. मग त्यांनी रिकामी झालेली, टेबलाच्या डोक्याशी असलेली नवऱ्याची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. "हळू वाच. आज दुपारच्याला म्या बिस्मिल्लाबीकडं जाणार हाय. मला पाठ पायजे."

गायत्रीनं पुन्हा वाचलं. जगदेवींचे ओठ तिच्या मागोमाग हलत होते.